नसलेल्या रेघेचा प्रश्न

शिओमाकी बंदर,
८ मार्च

चि. शुनसाकू यास किनुएताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू पाठवलेलं संसदेतल्या भाषणांचं बाड पोचलं. अवघड अक्षरं मला लागत नाहीत, म्हणून देवळातल्या पुजारीणबाईंनी वाचून दाखवलं. डॉलरवर बोललास, व्हिएतनामवर बोललास, तांदळाच्या भावावर बोललास, म्हाताऱ्यांच्या औषधपाण्यावरही बोललास. दर भाषणाखाली मंत्री म्हणतो, आम्ही याचा मनापासून विचार करू. पुजारीणबाई म्हणाल्या, भाऊ छान बोलतो तुमचा. मी म्हटलं, नऊ वर्षं तेच करतोय, छान बोलेल नाहीतर काय.

आता कामाचं. तुझ्या भावजींना गुरुवारी रशियनांनी नावेसकट धरून नेलं. समोरच्या बेटावर ठेवलंय. ते बेट आमच्या अंगणातून दिसतं, त्यामुळे नवरा कुठे आहे हे मला लग्नानंतर पहिल्यांदाच पक्कं माहीत आहे. लोक म्हणतील बिचारा चुकून गेला. चुकून वगैरे काही नाही. खेकडा आपल्या आणि रशियनांच्या पाण्यामधल्या रेघेच्या पलीकडे आहे, म्हणून माणूस रेघेच्या पलीकडे जातो. अख्खं बंदर जातं. ओगुराबाईंचे दोन्ही मुलगे फेब्रुवारीत असेच धरले गेले. ती माउली रोज धक्क्यावर जाऊन बसते. मला असं बसून राहणं जमत नाही.

तू विरोधी पक्षाचा का होईना, खासदार आहेस. मच्छीमार सोसायटीत मी सांगून आले की माझा भाऊ संसदेत विचारील. चेअरमन इगाराशी म्हणाले, तो डॉलरचं विचारणारा माणूस, खेकड्याचं कशाला विचारील. मी म्हटलं, विचारील, नाहीतर त्याला मी विचारीन. आता माझी लाज तुझ्या हातात. फोन करू नकोस. फोन सोसायटीत आहे आणि तिथे बोललेलं मासळीबाजारापर्यंत ऐकू जातं.

जेवणाची आबाळ करू नकोस, ताईवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

किनुए


टोकियो,
१३ मार्च

ती. किनुएताईच्या चरणी शुनसाकूचा सा. न. वि. वि.

भावजींची बातमी वाचून मन सुन्न झालं. पण खरं सांगतो, तुझ्या पत्रातल्या एका शब्दाने मी खुर्चीतून उठलो. तो शब्द म्हणजे रेघ.

सरकारचं म्हणणं काय आहे, की युद्धात रशियनांनी घेतलेली ती बेटं आपलीच, म्हणून पाणी आपलं, म्हणून मध्ये रेघ नाहीच. परराष्ट्रमंत्री हे दरवर्षी सांगतात. आणि मत्स्यखातं काय करतं? रेघ ओलांडली म्हणून आपल्याच मच्छीमारांचे परवाने वर्षभर काढून घेतं. भावजी सुटून आले की त्यांचाही जाईल. म्हणजे एका मंत्र्याकडे रेघ नाही, आणि दुसऱ्या मंत्र्याकडे ती ओलांडल्याची शिक्षा आहे. बजेट समितीत हे दोघे एकाच रांगेत बसतात, मध्ये फक्त अर्थमंत्री.

मी आधी परराष्ट्रमंत्र्यांना विचारणार, रेघ आहे का? त्यांना नाही म्हणावंच लागेल. मग शेतकी आणि मत्स्यमंत्र्यांकडे वळणार आणि विचारणार, तर मग ही माणसं काय ओलांडून गेली? एवढंच. पुढे मी काही बोलण्याची गरज नाही.

पक्षाने मला २७ तारखेला अर्धा तास दिला आहे. वेळ जेवणानंतरची, मंत्र्यांच्या पेंगण्याची, पण टीव्हीवर दाखवणार आहेत. परराष्ट्र धोरण आणि घरचं धोरण एकाच वाक्यात सापडावं, असं खासदाराच्या आयुष्यात एकदाच घडतं. आमच्या पक्षात तर एकदाही घडलेलं नाही.

भावजींना गरम कपडे पोचले का ते कळवावं. लोभ आहेच, तो तसाच राखावा.

तुझा शुनसाकू


शिओमाकी बंदर,
१७ मार्च

चि. शुनसाकूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

गरम कपड्यांचं शेवटच्या ओळीत विचारलंस, पण विचारलंस, हे काय थोडं झालं. पोचले. रशियनांनी एक मोजा ठेवून घेतला म्हणतात. एकच का, ते त्यांनाच ठाऊक.

तुझा प्रश्न मी सोसायटीत सांगितला. एका दमात सगळ्यांना कळला. नऊ वर्षांत तुझं काहीतरी पहिल्यांदाच एका दमात कळलंय. चेअरमनसाहेबांचा स्वतःचा परवाना दोन वर्षांपूर्वी असाच गेला होता, त्यांनी टेबलावर हात आपटला आणि चहा सांडला. ओगुराबाई तोंडावर बाही धरून हसल्या. हसल्यावर रडल्या, पण आधी हसल्या. २७ला दुपारी सगळे सोसायटीच्या टीव्हीपुढे बसणार आहेत. सणासुदीचा लाल दाण्यांचा भात करायचं ठरलंय, चेअरमनसाहेबांनी तांदूळ मागवलासुद्धा.

तू उभा राहिलास की आधी अध्यक्षांचे आभार मानत बसतोस. ते कमी कर. तो तपकिरी टायही नको, टीव्हीत शेणासारखा दिसतो.

सगळ्या बंदराची आस तुझ्यावर आहे. माझी तर आहेच.

किनुए


टोकियो,
२२ मार्च

ती. ताईस कृ. सा. न. वि. वि.

हे पत्र मिळताच उत्तर लिही.

इथे रीत आहे, की प्रश्न विचारायच्या आदल्या दिवशी मंत्रालयाचे लोक खासदाराकडे येतात, काय विचारणार ते लिहून नेतात, आणि मंत्र्याचं उत्तर तयार करतात. या वेळी मी नुसता विषय कळवला, तर ते दुसऱ्याच दिवशी दारात हजर. लिहून घेणारा तरुण अधिकारी अर्ध्यात थांबला. म्हणाला, पुन्हा सांगता का. नऊ वर्षांत माझ्या प्रश्नाने कुणाची लेखणी थांबली नव्हती. मला झालेला आनंद मी लपवला नाही, हे आता बरं वाटत नाही.

दुपारी त्याचे वरिष्ठ आले. त्यांनी सांगितलं, की सुटकेची बोलणी चालू आहेत. एप्रिलअखेर पहिली तुकडी सुटेल आणि तीत भावजींचं नाव आहे, कारण भावजींनी तिथे सही करून दिली आहे की मी रेघ ओलांडली. एरवी मंत्री रेघ नाही म्हणतात ते चालून जातं, पण बोलणी चालू असताना, याच माणसांबद्दल विचारल्यावर त्यांनी टीव्हीवर तसं सांगितलं, तर रशियन म्हणतील, मग या माणसाची सही खोटी का? सगळी यादी अडकेल. ही धमकी समजू नका, असंही ते म्हणाले. धमकी नव्हतीच, ताई. ते माझ्यासमोर जमिनीला डोकं टेकून बसले होते आणि त्यांच्या मानेवर घाम होता. पण अशी माणसं घाम आला तरी खरंच बोलतात असं नाही. मला कळत नाही.

मी काही कबूल केलेलं नाही. पक्षात कुणाला बोललो नाही. ठरवता येत नाही असं नाही. मला ठरवायचं नाही. नवरा तुझा आहे, तू सांग.

तुझा शुनसाकू


शिओमाकी,
२४ मार्च

शुनसाकू,

विचारू नकोस. माणूस घरी येऊ दे.

आशीर्वाद आहेतच, लिहीत बसायला वेळ नाही, टपालाची गाडी निघतेय.

किनुए


शिओमाकी बंदर,
२८ मार्च

चि. शुनसाकूस आशीर्वाद. वि. वि.

विचारू नकोस म्हटलं होतं. स्टेशनावरच्या संडासांवर अर्धा तास बोल असं नव्हतं म्हटलं.

सांगते काय झालं ते. सोसायटीत पाय ठेवायला जागा नव्हती. तू उभा राहिलास, टाय निळा होता, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तू म्हणालास की उत्तरेकडच्या लहान स्टेशनांवरचे संडास थंडीत गोठतात. लोकांना वाटलं ही सुरुवात आहे. चेअरमनसाहेब मागे वळून सांगायला लागले की हा हुशार आहे, आधी मंत्र्यांना गाफील करतोय. मग तू पाइपांच्या जाडीवर गेलास. परराष्ट्रमंत्री डोळे मिटून बसले होते, ते दोनदा दाखवलं. शेवटी रेल्वेचे साहेब उठून म्हणाले की मनापासून विचार करू, आणि तू आभार मानून खाली बसलास.

 चेअरमनसाहेबांनी उठून टीव्हीवर कुस्त्या लावल्या. भात सगळ्यांनी खाल्ला, कारण शिजवलेला होता. ओगुराबाईंनी मात्र आपली वाटी तशीच ठेवली आणि मला विचारलं, अजून बोलायचा असेल का तो, मध्येच जाहिरात लागली असेल का. त्यांना काय सांगू ते लवकर कळव.

किनुए


टोकियो,
२ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

ज्याचे कागद तयार होते असा दुसरा विषय तेवढाच होता. वेळ परत केला असता तर का केला म्हणून पक्षाने विचारलं असतं.

ओगुराबाईंना काही सांगू नकोस. त्यांचे मुलगे पहिल्या यादीत नाहीत, दुसऱ्या यादीत आहेत. ते दोघं परत येईपर्यंत यातलं अक्षर बाहेर पडता कामा नये. भावजींनाही सांगू नकोस, त्यांचा आवाज धक्क्यापर्यंत जातो. लोक मला शिव्या देतील, देऊ देत. तू उलट बोलू नकोस. तू आयुष्यात कधी गप्प बसली नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून हात जोडून लिहितो आहे.

जून अखेरीस माझी निवडणूक आहे, हे मी विसरलेलो नाही.

आशीर्वाद असू द्यावेत.

शुनसाकू


शिओमाकी बंदर,
६ मे

चि. शुनसाकूस आशीर्वाद. वि. वि.

तुझे भावजी एप्रिलअखेर आले. जाडे होऊन आलेत. आल्या आल्या आंघोळीच्या कढत पाण्यात बसले ते बाहेरच येईनात. बाहेर आल्यावर पहिलं काय विचारलं, तर मी तिथे काळा पाव खात होतो तेव्हा शुनसाकू संडासांवर बोलला हे खरं का. बंदरावर उतरताच कुणीतरी सांगितलं होतं. मी म्हटलं, खरं. ते म्हणाले, बरं. तेव्हापासून तुझं नाव काढत नाहीत. नाव काढून शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

त्यांचा परवाना आठवड्यात गेला. वर्षभरासाठी. कागदावर कारण लिहिलंय, रेघ ओलांडली. नाव धक्क्याला बांधून पडली आहे.

बाजारात बायका मला ऐकू जाईल असं बोलतात. मी मासे साफ करत राहते. परवा एवढा जोर लावला की सुरी लाकडात अडकली. ओगुराच्या पोरांचं काय ते तुझ्या त्या घामट साहेबाला विचार आणि लवकर कर. गप्प राहून मी फार दिवस टिकणार नाही.

किनुए


टोकियो,
३० जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

निकाल पाहिलाच असशील. खुर्ची थोडक्यात गेली, आणि ती मासेमारीच्या बंदरांतच गेली. शिओमाकीत मला पडलेली मतं बघून आमचा कार्यकर्ता म्हणाला, छापण्यात चूक असेल. चूक नाही. तुझं एक आहे, बाकीची कुणाची असतील त्यांचे आभार मान.

खोली रिकामी करतो आहे. ओगुरा बंधू जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुटतील असं त्या साहेबांनी कळवलंय. मी आता खासदार नसतानाही त्यांनी कळवलं, म्हणजे माणूस वाईट नसावा.

लोभ वाढो अथवा आहे तेवढा टिको.

शुनसाकू


शिओमाकी बंदर,
१४ जुलै

चि. शुनसाकूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

ओगुराची पोरं आली. त्याच संध्याकाळी मी सोसायटीत जाऊन सगळं सांगितलं. बसायला सांगत होते, बसले नाही, उभ्यानेच सांगितलं. ओगुराबाई टोकियो ज्या बाजूला आहे तिकडे तोंड करून वाकल्या. चेअरमनसाहेब म्हणाले, यात काहीतरी आहे असं मी पहिल्यापासून म्हणत होतो. असू दे, चेअरमन आहेत.

तुझे भावजी ऐकून घरी आले आणि दोन दिवस त्या बांधलेल्या नावेतच जाऊन बसत होते. आज म्हणाले, घे लेखणी, मी सांगतो ते लिही. तेव्हा पुढचं त्यांचं आहे. माझं नाही.

ते म्हणतात, शुनसाकू, तू माझ्यासाठी खुर्ची घालवलीस, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण प्रश्न विचारायला हवा होता. मी आणखी सहा महिने तिथे बसलो असतो. पाव काही एवढा वाईट नव्हता. आता मी घरी आहे आणि नाव बांधून आहे. पुढच्या वर्षी दुसऱ्याची असेल. तुला निवडून दिलं होतं ते एकट्या ताईने नव्हे.

इथे मी लेखणी खाली ठेवली. म्हटलं, हे मी लिहिणार नाही. ते म्हणाले, लिही, तुला कोण काय म्हणतंय, मी त्याला म्हणतोय. मी लिहिलं. वर वाच, आहे.

आता माझं. मला पुन्हा विचारलंस तर मी पुन्हा हेच सांगीन, विचारू नकोस. नवरा धरून नेल्यावर बाईने काय सांगावं, ते तेच आहे. पण तुझे भावजी म्हणतात तेही खोटं नाही, आणि दोन्ही गोष्टी या घरात एकाच ताटावर जेवायला बसतात, हे काही मला सोसत नाही.

तर ऐक. ऑगस्टमध्ये शेतकी आणि मत्स्यमंत्री नव्या धक्क्याच्या उद्घाटनाला येतोय. कोंबूचं समुद्रशेवाळ वाळत घालणाऱ्या बायकांनी त्याला पहिला कोंबू द्यायचा, असं ठरलंय, आणि तो देणारी मी आहे. तेव्हा तो माझ्यासमोर हातभर अंतरावर उभा असेल, फोटोवाले असतील, आणि बेटावर आता आपला कुणी नाही. तो प्रश्न मला साध्या अक्षरांत लिहून पाठव. मोठं लिही, माझा चष्मा जुना आहे. आधी परराष्ट्रमंत्री लागतो म्हणाला होतास, तो इथे येणार नाही, तेव्हा त्याचं उत्तर मीच देईन आणि पुढचं याला विचारीन.

तू ये. कोंबू वाळवायला माणसं कमी आहेत आणि तुला आता काही काम नाही. भावजी स्टेशनावर घ्यायला येतील. ते म्हणतात येणार नाही, पण येतील.

दोघांवरही माया राहू दे, तुटेपर्यंत ताणली तरी.

किनुए