मिठबावच्या बागेचे बाँड

१४ फेब्रुवारी २०२५
देवगडकडच्या मिठबावची आंब्याच्या कलमांची बाग अखेर विकली. निम्मे पैसे माझे, निम्मे धाकट्या भावाचे, मंगेशचे. खरेदीदार दिसायला हुशार, पण पैसे देताना एक टक्का टीडीएस कापायचा असतो हे त्याच्या गावीही नाही! मी गप्प बसलो. अडाण्यांना शिकवायचा मक्ता मी घेतलेला नाही.

१५ फेब्रुवारी
बायकोला, आनंदीला, पडवीलगतच्या मोकळ्या जागेत पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधायच्या आहेत. मी मुंबईहून रिटायर होऊन आल्यापासून तिचं हे तुणतुणं चालू आहे. शांतपणे समजावलं. जमीन विकली की कॅपिटल गेन. त्यावर सरकार कर घेतं. तो वाचवायचा तर सहा महिन्यांत सरकारी कंपनीचे बाँड घ्यायचे. कर शून्य! ऑफिसातल्या पेडणेकरने डोंबिवलीचा फ्लॅट विकला तेव्हा हेच केलं होतं. पैसे पाच वर्षं काढता येत नाहीत, पण पाच वर्षांची तर गोष्ट!

म्हणाली, "एकदा संचिताक तरी इचारा." संचिता म्हणजे शेजारच्या काशीबाईची मुलगी. सीए झालीय, बाजारात ऑफिस थाटलंय. काल-परवापर्यंत आमच्या आवारातल्या कैऱ्या चोरत होती. तिला फी देऊन मी सल्ला घेऊ?

३ मार्च
बाँड घेतले. सगळेच्या सगळे पैसे घातले. फॉर्म स्वतः भरला. आनंदीने विचारलं, "पाहुणे काय तुमच्या बाँडात निजतले?" मी पावती फाइलला लावली.

मंगेशने मात्र चिरे उतरवून घेतलेत. तीन खोल्या बांधतोय! म्हटलं, अरे, कराचं काय? तर म्हणतो, "दादा, माका त्यातला काय एक कळना नाय. नोटीस इली तर बघूया." येईलच. तेव्हा काय बोलायचं ते आजच ठरवून ठेवलं. पहिलं वाक्य: मंगेश, मी तुला सांगितलं होतं.

२० एप्रिल
रोज अर्थविषयक पेपर वाचायचा संकल्प. तो मालवणात दुपारी पोचतो आणि दुपारी मला झोप लागते. उद्यापासून.

मंगेशला अजून नोटीस नाही. पोस्टमनला थांबवून विचारलं. टपाल खात्याचा कारभारच ढिला.

८ मे
मंगेशने खोल्यांवर स्लॅब टाकला. आनंदी बराच वेळ तिकडे बघत उभी होती. जेवण वाढलं. सोलकढी नाही.

मग एक युक्ती सुचली. बाँड तारण ठेवून कर्ज काढायचं, कर्जातून खोल्या बांधायच्या. कर वाचला तो वाचलाच, वर खोल्या. याला म्हणतात डोकं.

९ मे
बँकेचा मॅनेजर म्हणतो, हे बाँड तारण ठेवता येत नाहीत, ठेवले तर करसवलतच जाते. नवीन पोरगा आहे. घाटावरचा असावा.

१ जुलै
पहिलं व्याज जमा! थोडं दिसतंय, पण करमुक्त. कर वाचवणाऱ्या बाँडचं व्याज करमुक्तच असणार, हे शेंबडं पोरही सांगेल. मासेमारी बंद, म्हणून सुक्या बांगड्यावर साजरं केलं. एकट्यानेच. आनंदी मंगेशच्या खोल्यांचे पडदे शिवून देत होती.

नोटीस अजून नाही.

९ सप्टेंबर
गणपती आटपले. रिटर्न भरायला संचिताकडे गेलो. सल्ल्यासाठी नव्हे, नुसत्या टायपिंगसाठी. शिवाय माझं नियोजन तिने बघावं, चार लोकांना उदाहरण म्हणून सांगावं, हा हेतू.

तिने सातबारा मागितला. बाग देवगड शहरापासून किती लांब, विचारलं. मग कॅल्क्युलेटर बाजूला सरकवला. म्हणाली की बाँडचं व्याज करपात्र आहे, पुढच्या वर्षी दाखवावं लागेल. म्हटलं, असेल, पण मुख्य कर तर वाचवला ना? तर म्हणाली, शहराच्या हद्दीपासून एवढ्या लांबच्या शेतजमिनीवर कॅपिटल गेन टॅक्स लागतच नाही. ऑफिसातलं मराठी सोडून म्हणाली, "काका, कर होतोच खंय वाचवूक?"

खरेदीदाराने टीडीएस कापला नाही, तोही म्हणे त्यामुळेच.

फी घेतली नाही. ते जास्त लागलं.

१० सप्टेंबर
शांतपणे विचार केला. बागेच्या पैशांवर मी एक पैसाही कर भरलेला नाही. म्हणजे योजना शंभर टक्के यशस्वी. मंगेशनेही भरलेला नाही, पण त्यात त्याचं कर्तृत्व काय?

पोस्टमनला यापुढे विचारायचं नाही.

आनंदीला सांगायचं, पण योग्य वेळी. २०३० च्या आसपास.

११ सप्टेंबर
काशीबाईने आनंदीला सांगितलं. गावात कुणाच्या तोंडात तीळ भिजत नाही.

मला वाटलं, भांडेल. भांडली नाही. पडवीलगतची ती मोकळी जागा तेवढी झाडून आली. कशासाठी झाडली, कोण जाणे. मला फार वाईट वाटलं. तसं म्हणणार होतो, पण चूक पेडणेकरची आहे.

२३ ऑक्टोबर
दिवाळी. मालवणात मुंगी शिरायला जागा नाही. मंगेशच्या तिन्ही खोल्या भरल्या, वर सांगलीचं एक कुटुंब दारात उभं राहिलं. आनंदीने त्यांना आमची झोपायची खोली दिली. मला विचारलं नाही. भाडं तिच्या खात्यात. मंगेशने तिला क्यूआर कोड काढून दिलाय, तो रिटायर होताना ऑफिसने मला दिलेल्या अभिनंदनपत्राच्या फ्रेमवर चिकटवलाय. मी पडवीत, बाकड्यावर.

सांगलीकराने विचारलं, काका, तुम्ही काय करता? म्हटलं, इन्व्हेस्टमेंट. म्हणाला, वा! मग जरा गरम पाण्याची बादली आणाल का?

आणली. त्याने पन्नास रुपये दिले. यावर कर लागतो का, हे संचिताला विचारलं पाहिजे.

आनंदी चुलीपाशी घावणे घालत होती. म्हटलं, पडवीत डास फार आहेत, माझी खोली मला परत कधी मिळेल? तिने घावणा उलटला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "इतकी घाई कित्याक? पाच वर्सांची तर गोष्ट!"