धबधब्यावरचा मी

सोमवार
पोचलो एकदाचा! डोंगराच्या पायथ्याशी लॉज, आणि माझी जागा थेट काउंटरवर. किल्ल्या द्यायच्या, पाहुण्यांच्या बुटांचा चिखल काढायचा, आणि कुणी विचारलं तर सांगायचं, धबधब्याला जावं की टेकाडावरून डोंगर बघावेत. दोन्ही वाटा अर्ध्या दिवसाच्या. मालकीणबाईंचा नियम एकच, काउंटरवरच्या माणसाने आधी दोन्ही वाटा स्वतः चालून यायच्या. न बघता थापा मारणाऱ्याला त्यांनी म्हणे त्याच दिवशी घरी पाठवलं.
निघताना ताईने ही वही दिली. रोज चार ओळी लिही म्हणाली, नाहीतर सातवीपर्यंतचं आहे तेवढंही विसरशील. बूटही तिनेच घेतले, लाल नाडीचे. इतके नवे की घालवत नाहीत.

मंगळवार
जुन्या चपलांवरच निघालो. टेकाड म्हणजे काहीच नाही, म्हशीसुद्धा चढतील. धबधब्याच्या वाटेला मात्र पहिल्या वळणापुढे एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. रांगत मागे आलो. झाडाखाली बसून वेळ काढला, नळावर डोकं भिजवलं आणि जाऊन आलो म्हणून सांगितलं. आचाऱ्याने विचारलं, कसं काय होतं? मी तुषार सांगितले, इंद्रधनुष्य सांगितलं. काउंटरमागच्या फोटोत आहे ते सगळं. तेव्हापासून तो मला डोंगरराव म्हणतो. मीही हसलो. लाज वाटली, पण थोडीच.

गुरुवार
आता जीभ चांगलीच सैल सुटलीय. रोज सकाळी वर जाऊन येतो, असं कुणी न विचारताही सांगतो. ताईला फोनवर सांगितलं, मी गाइड झालोय. किती खूश झाली!
संध्याकाळी एक आजोबा धबधब्यावरून परतले. म्हणाले, तू वर होतास की, हातसुद्धा केलास, मग आमच्या आधी खाली कसा? मी म्हटलं, जवळची वाट आहे. तोंडातून निघूनच गेलं.

शनिवार
आज तिघांनी तेच सांगितलं. एका काकूंचा पाय घसरला तर म्हणे मी हात दिला. हात फार गार होता, स्वेटर घालत जा म्हणाल्या, आणि चॉकलेट दिलं. मी घेतलं. खाल्लंसुद्धा. दिवसभर काउंटरवरून हललो नव्हतो. पण तो मी नव्हे म्हणायचं, तर वर कधी गेलोच नाही हेही सांगावं लागेल.
रॅकवरचे माझे नवे बूट ओले आहेत. तळव्यांना शेवाळ. आचाऱ्याला विचारलं, तू घातलेस का? म्हणाला, तुझ्या त्या खेळण्यात माझा अंगठासुद्धा जायचा नाही.

रविवार
एका पोरीने विचारलं, पाण्याच्या मागची गुहा कधी दाखवणार? काल मी सारखा बोलवत होतो म्हणे. उशीर झाला म्हणून ती गेली नाही.
फोटोत गुहा नाही.

सोमवार
ताई आली. न सांगता, दोन दिवसांची रजा काढून. कामावर सगळ्यांना सांगून आलीय, भाऊ गाइड आहे. टेकाड-बिकाड नको, तुझा धबधबा दाखव म्हणाली. पाय मुरगळलाय म्हटलं. मग मी एकटीच जाते म्हणाली. टेकाडावर जा म्हणून हातापाया पडलो. का रे, म्हणाली, आणि नीट माझ्याकडे बघितलं. सांगणारच होतो. पण मालकीणबाई शेजारीच उभ्या होत्या.
मी म्हटलं, उगाच. जा. वाट सोपी आहे.

दुपार
बूट रॅकवर नाहीत.

संध्याकाळ
सगळे परत आले. ताई नाही. वळणापर्यंत धावलो. पलीकडे ती दिसली, पाठमोरी, हसत चाललेली. सोबत कुणीतरी. लाल नाड्या. हाका मारल्या, पाण्याच्या आवाजात तिला ऐकूच— मला एक पाऊल टाकता आलं नाही. रांगत परत आलो.
मालकीणबाईंनी विचारलं, बहीण आली का? आली म्हटलं. खोलीत झोपलीय.
अजूनही मी खोटंच—

मंगळवार
ताई दाराबाहेर आहे. आवाज तिचाच. म्हणते, त्याने सगळं सांगितलं, तू कधी वर आलाच नाहीस. रागावले नाही रे. तो काउंटर सांभाळेल, तू चल. तुझे बूट आणलेत.
दाराखालून पाणी येतंय. गार.
मालकीणबाईंना ओरडून हाक मारली. जिन्यावरून त्यांनी विचारलं, काय झालं? दाराबाहेरून उत्तर गेलं, काही नाही बाई, सगळं ठीक आहे. माझ्याच आवाजात.
खोटं आहे, खोटं आहे म्हणून मी—
त्या परत गेल्या. नेहमीसारखा विश्वास ठेवून—
कडी मी काढली नाही तरी दार