उघडा राहिलेला उजवा कान

रोहा, मंगळवार

प्रिय मृणाली,

काल कंपनीच्या डॉक्टरांनी माझे कान तपासले. डावा ठणठणीत आहे, उजव्याला थोडं कमी ऐकू येतं. गेलं ते परत येणार नाही, पण जपलं तर उरलेलं टिकेल, असं ते म्हणाले. फोनवर अर्ध्यातच तू रडली असतीस, म्हणून लिहितोय.

कॉम्प्रेसरजवळ मी एकाच कानात इअरप्लग घालायचो. आमचे फोरमन दत्तामामा यांनी ते पाहिलं.

"काय रे, दुसरा कान देवाला सोडलायस?"

"मामा, आम्ही खाडीकाठची माणसं. उधाणात बांध फुटला तर हाक ऐकू यायला हवी. झोपतानापण उजवा कान वर ठेवतो."

"अरे, हितं कुठला बांध हाय? काय सांगायचं झालं तर मी येऊन खांद्यावर हात ठेवीन."

मग त्यांनी शिकवलं. फोमचा प्लग बोटांनी बारीक वळायचा, कान वर ओढून आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत दाबून धरायचा. नीट बसला की आपलाच आवाज घुमतो. आता दोन्ही कानांत घालतो.

आईचा गुडघा कसा आहे? तू वेळेवर जेवतेस ना?

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी आहे. त्याआधी या रविवारी घरी येतोय. मनाली नेहमीसारखी कानात गुपित सांगायला धावेल. तिला फक्त एवढं सांगून ठेव, की बाबांच्या डाव्या कानात सांग.

तुझाच,
प्रविण