रोज एक पेज

मसुरे, १८ नोव्हेंबर २०२४

चि. समीक्षास आत्याचे अनेक आशीर्वाद.

तू फोन करतेस आणि मी पत्र लिहिते, याचा राग मानू नकोस. फोनवर बोलले की आमचे हे, तुझे लवूकाका, पडवीतून कान देतात आणि संध्याकाळपर्यंत माझं वजन साऱ्या वाडीला तोंडपाठ होतं.

तर, तुझ्या आग्रहाखातर दुखरे गुडघे घेऊन सावंतवाडीला जाऊन आले. डॉक्टरांनी आधी दहा किलो उतरवा म्हणून सांगितलं आणि शेजारच्या खोलीत आहार सांगणाऱ्या बाईंकडे धाडलं. त्यांनी छापील तक्ता दिला, त्याची झेरॉक्स सोबत आहे. ओट्स, बदामाचं दूध, ब्रोकोली. काकांनी तो वाचून, ह्या ब्रोकोली खंय गावता आणि गावला तर बैल तरी खातलो काय, असं मलाच विचारलं. बाबूच्या दुकानात ओट्सचं पाकीट आहे, पण तेवढ्या पैशांत आपल्याकडे आठवड्याची मासळी येते. मी ते हातात घेतलं, वास घेतला आणि मानाने परत ठेवलं.

परवडणारी गोष्ट बाईंनी एकच सांगितली. रोज एक पेज, पूर्ण भरून, न चुकता, ताक घालायला विसरू नका आणि तीन महिन्यांनी येताना मला दाखवायला घेऊन या, असं निघताना दोनदा बजावलं. डोक्यावर पंखा खडखडत होता, तरी एवढं नीट ऐकलं. बाईंची बोली तुमच्या पुण्याकडची, पण पेजेची किंमत त्यांना कळते याचं फार बरं वाटलं.

आता पोटातलं सांगते. डोंगरावरची काजूची बाग काका कुणा परक्याला खंडाने द्यायला निघालेत. मार्चमध्ये मी आपल्या पायांनी वर चढले तर बाग माझ्याकडे, नाहीतर त्याच्याकडे, असं ठरलंय. ती कलमं मी डोक्यावरून कळशा नेऊन जगवली गो. तिथे दुसऱ्या कुणी बिया वेचलेल्या मला बघवणार नाहीत.

माया आहे तशी ठेव.

तुझी आत्या,
यशोदा

पुणे, २७ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. आत्यास समीक्षाचा शि. सा. न. वि. वि.

तक्ता तीनदा वाचला. त्यात पेजेचं नावही नाही, उलट भातावर लाल फुली आहे. पेज तांदळाचीच ना गो? एकदा बाईंना विचारून खात्री करून घे.

मीही इथे पैसे भरून वजन उतरवायचं ॲप घेतलंय. दुपारी डब्यात कच्चा पाला येतो. तो चावून होईपर्यंत पुन्हा भूक लागते, मग ऑफिसच्या खाली वडापाव खाते आणि ॲपमध्ये 'पाला' एवढंच लिहिते. ॲप माझं रोज अभिनंदन करतं. वजनकाटा करत नाही.

काकांना सांग, बाग परक्याकडे गेली तर मे महिन्यात मी येणार नाही. हे मात्र गमतीने लिहीत नाही.

लोभ आहे तेवढा राहू द्यावा, कमी करायच्या यादीत तो नको.

तुझी,
समीक्षा

मसुरे, २० डिसेंबर २०२४

चि. समीक्षास आशीर्वाद.

फुली भातावर आहे, पेजेवर नाही. भात तो भात, पेज ती पेज. एवढं कळायला पुण्यात शिकावं लागत नाही. आणि बाईंनी तोंडी सांगितलेलं छापील कागदात कुठून असणार?

सकाळी दहाला उकड्या तांदळाची पातळ पेज मोठा वाडगा भरून घेते, वर ताक. तोंडी लावायला घरचे कुळीथ, नाहीतर परसातला लाल माठ. एकच सांगितली आहे म्हणून दुसऱ्या वाडग्याला हात लावत नाही. पण पहिल्यानेच पोट असं गच्च होतं की चहाबरोबरची खारी आणि चारची शेव आपोआप सुटली. आणलेली खारी वाया जाऊ नये म्हणून काका एकटेच संपवतात.

ब्लाऊज आतून टाचावे लागले. तरीही मार्चला किती दिवस उरले ते रोज मोजते. डोंगर काही उतरलेला नाही.

पत्र धाडत जा, मला बरं वाटतं.

तुझी आत्या,
यशोदा

मसुरे, ५ मार्च २०२५

चि. समीक्षास अनेक आशीर्वाद.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लाज. फेब्रुवारीत सावंतवाडीला गेले. बाईंनी पेज आणलंत का म्हणून विचारलं. मी पिशवीतून स्टीलचा डबा काढून टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं. बाई डब्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे.

त्यांचं पेज वहीतलं होतं गो! दिवसभर जे खाल्लं ते रोज एक पेज भरून लिहायचं आणि वर तारीख घालायची. मी पंख्याखाली तारखेचं ताक केलं. सरळ पान म्हणाल्या असत्या तर चूक झाली नसती म्हणावं, पण मग मी केळीचं नेलं असतं.

काट्यावर मात्र सहा किलो कमी भरले. बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि मग चार चमचे पेज खाल्ली. भातावरची फुली त्यांनी तशीच ठेवली आहे.

काल डोंगर चढले. चार ठिकाणी थांबले, पण आपल्या पायांनी. काका साक्षीदार म्हणून मागून येत होते. अर्ध्यावर फणसाखाली घामाघूम होऊन बसले आणि तू जा गो फुडे म्हणून हात हलवला. वर पिवळी बोंडं पडली होती. पहिल्याच कलमाला धरून मी रडले, हे तुला सांगायला लाज नाही. खाली आले तर काका अजून तिथेच. बाग माझ्याकडे राहिली.

पुढच्या आठवड्यात त्यांना सावंतवाडीला नेणार आहे. तोवर मीच त्यांची बाई. रोज एक पेज वाडग्यात भरून देते आणि रोज एक पेज वहीत भरते. वहीतलंसुद्धा मीच भरते. त्यांच्या हातात दिलं तर ते खारी खाऊन 'पाला' लिहितील.

मे महिन्यात ये, बिया वेचायला माणूस हवंय. तुला पेज मी देईन.

तुझी आत्या,
यशोदा