संत्र्याच्या सालींचं पाणी

४ फेब्रुवारी

फेस नाही, तर स्वच्छ झालं हे कळायचं कसं? आईचा प्रश्न.

सफाईसाठी नोव्हेंबरपासून मुरत ठेवलेलं संत्र्याच्या सालींचं पाणी आज गाळलं. साली, गूळ, पाणी – बस. सुरुवातीला डब्याचं झाकण रोज सैल करून गॅस सोडावा लागायचा. ते बाबा करायचे, "बॉम्ब पाहून येतो" म्हणत. रंग चहासारखा, वास आंबट. आईनं बोट बुडवून अंगठ्याशी घासून पाहिलं.

"फेस नाही वं याले."

मी म्हटलं, फेसाचा आणि स्वच्छतेचा संबंध नसतो.

"मंग लोकं काहून फेस पाहतात?"

आई मंगल कार्यालयाच्या लॉनवर संडास-बाथरूम धुते. लग्नसराईत रोज. ॲसिडनं बोटं सोलतात. पीठ मळताना मीठ भेगांत जातं, तेव्हा ती फक्त ओठ दाबते. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट, तीही केमिस्ट्रीची. एवढं तरी जमायला नको का?

बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहिलं – पूर्ण निर्धोक.

९ फेब्रुवारी

बाटली रिकामी आली! "मस्त चालते," म्हणाली. बोटंही बरी दिसतात.

१७ फेब्रुवारी

शोभाताईंच्या बचत गटात बोलले. या पाण्याबद्दल सांगायला लागले ती थांबलेच नाही. शेवटी आईला पुढे बोलावलं, तिचा हात धरून वर केला. "हे हात बघा. माझी आई रोज हेच वापरते." टाळ्या. शोभाताई म्हणाल्या, "रविवारच्या मेळाव्यात स्टॉल तुझाच, सोनिका."

आई खाली बघत होती. लाजली असेल.

१८ फेब्रुवारी

आई दवाखान्यात. ऑक्सिजन लावला आहे.

१९ फेब्रुवारी

काल यापुढे लिहवलं नाही.

ती लॉनच्या बाथरूममध्ये पडली होती. आतून कडी. सुपरवायझर दुर्गेशभाऊंनी दार तोडलं. म्हणाले, आत डोळे उघडवत नव्हते. बादलीत माझं पाणी होतं, आणि त्यात ब्लिचिंग पावडर.

डॉक्टरांनी विचारलं, काय मिसळलं होतं? दुर्गेशभाऊंनी बाटली पुढे केली. माझं अक्षर. पूर्ण निर्धोक.

आंबट पाण्यात ब्लिचिंग पडलं की क्लोरीन सुटतो. मला येतं हे. परीक्षेत लिहिलंय. बाटलीवर लिहिलं नाही.

२१ फेब्रुवारी

मास्क काढला. आई बोलली, तुटक तुटक.

"तुहं पाणी मी रोज नालीत ओतून देत होती वं."

दुर्गेशभाऊ म्हणे दारातूनच हुंगतात. वास नाही आला की – "काय मावशी, आज धुतलंच नाही वाटते? हजेरी कापू का?" म्हणून ॲसिडच वापरायची. फक्त हातांना प्लास्टिकच्या पन्न्या बांधायची, मला बोटं बरी दिसावीत म्हणून.

पन्न्या! आणि तेच हात मी लोकांना दाखवले.

"मग त्या दिवशी कशाला वापरलंस?"

"तू सगळ्याइले सांगतलं ना, माही आई हेच वापरते म्हणून. खोटी पडली असती तू." बराच वेळ खोकली. "म्हटलं, एक दिवस तरी खरं करू. वासापुरतं ब्लिचिंग टाकलं. निर्धोक लिवलं होतं ना तू."

आवाजात राग नव्हता. शोधला मी. असता तर बरं झालं असतं.

२२ फेब्रुवारी

मेळाव्याला गेले नाही. सकाळपासून लॉनवर होते, आईच्या जागी. दारं-खिडक्या सताड उघडल्या, रबरी हातमोजे चढवले, नुसत्या पाण्यात ब्लिचिंग टाकलं आणि सगळं धुऊन काढलं. दुर्गेशभाऊंनी दारातून हुंगलं. "हां, आता धुतल्यासारखं वाटते."

मी हजेरी आईच्या नावावर लावून घेतली.