खोबरेल लावलेला गज

योगिनी मॅडम,
आदाब.

तुमची वैजापूरला बदली झाली आणि आपल्या गारखेड्याच्या शाळेतली व्हायोलिनं कपाटात बंद झाली. मी किल्ली मागितली की मुख्याध्यापक सर ओरडायचे.

काल मोठे साहेब येणार म्हणून कपाट उघडलं. मला लई आनंद झाला. पण सरांनी माझ्या व्हायोलिनच्या गजाला खोबरेल तेल फासलं. म्हणाले, "आफरीन, तू नुसता हात हलव. आवाज स्पीकरमधून येईल." तेलकट गज तारेवर मुकाच फिरत राहिला.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हणाले, "साहेब, हे मी वाजवलं नाय." ते हसले आणि म्हणाले, "फोटोसाठी व्हायोलिन जरा वर धर."



स्पीकरमधलं वाजवणं ओळखीचं वाटलं, म्हणून सरांना विचारलं, कुणाचं होतं?

"तुझ्या मॅडमचं. रेकॉर्डिंग कशासाठी पाहिजे ते सांगितलं, तर लगेच पाठवलं त्यांनी."

हे पत्र मी टाकणार नाय. तुम्ही समजावत बसाल, ते मला ऐकायचं नाय. व्हायोलिन मी सोडणार नाय, मॅडम. पण कुणाकडं शिकलीस असं कुणी विचारलं, तर तुमचं नाव माझ्या तोंडून निघणार नाय.

कालपर्यंत तुमची,
आफरीन