नामदिनाला दार कोण लावतं?

चिरंजीव देल्चोस, थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे, तुझी होडी आणि उरलासुरला मेंदू खुशाल आहे ना? पहिल्या दोहोंची नुसती चौकशी. तिसऱ्याची खरी काळजी, कारण यंदा माझा नामदिन, माझ्या नावाच्या संताचा सण, तू साफ विसरलास. समुद्राकाठी राहून डोक्यात खारं पाणी शिरत असावं. (मी बोलतेय आणि पोस्टातली योंका लिहितेय. हसतेय मेली. हसू दे, तिचा नवरा तर तिचं नावच विसरतो.)

आता काय चुकवलंस ते ऐक. आमचा स्तामेन म्युनिकला, आमची रोसित्सा व्हॅलेन्सियाला. एरवी भावाबहिणीला एकमेकांशी बोलायला सवड नाही, पण आईला वृद्धाश्रमात धाडायचं ठरवायला दोघांना एकच दिवस मोकळा सापडला: माझा नामदिन! स्तामेनने व्हिडिओवर मीटिंग ठेवली. 'आईला सोयीची वेळ' म्हणून वेळ सारखी बदलली, आईला न विचारता. लिंक योंकाच्या फोनवर आली, 'फक्त निमंत्रितांसाठी' असा शेरा मारून.

आता तूच सांग, आपल्याकडे नामदिनाला कुणी कुणाला बोलावतं का? ज्याला आठवण असते तो येतो (नसते तो बुर्गासला बसून मासे मोजतो). गावातली निम्मी माणसं परदेशी. माझ्याकडे, म्हणजे त्यांच्या पेत्काना आजीकडे, येता येत नाही म्हणून दरवर्षी हळहळतात. मी म्हटलं, योंका, टाक ती लिंक गावाच्या ग्रुपवर.

चीज भरलेली बानित्सा भाजून, नवा रुमाल बांधून मी फोनपुढे बसले. आश्रमाच्या व्यवस्थापक बाई खोल्यांचे फोटो दाखवू लागल्या, तोच लंडनहून वेल्को सुतार पेला उंचावून हजर. मागोमाग अख्खं गाव. शेजारची कालिना माझ्याच बाकावर बसून आपल्या फोनवरूनही आत शिरली, तेव्हा दोन्ही फोन एकमेकांवर असे किंचाळले की कोंबड्या उडाल्या.

"वेल्को काका, ही घरातली मीटिंग आहे, बाहेर पडा!" स्तामेन ओरडला.

"नामदिनाला दार लावतोस? कुणाचा रे तू?"

स्तामेनने सगळ्यांचे आवाज बंद केले. त्यांचं काय अडलं? प्यायला आवाज लागत नाही. मग बाईंनाच दया आली, म्हणाल्या, बोलू द्या त्यांना. कालिनाने संधी साधली, "बाई, तुमच्याकडे हिच्या नामदिनाला आम्ही यायचं कसं?"

बाई गोड हसल्या. "रविवारी दुपारी या ना. आधी नाव नोंदवायचं, मग आम्ही वेळ देतो."

वेल्कोने पेला खाली ठेवला. शेवटी रोसित्साच म्हणाली, "दादा, ते फोटो बंद कर. आई तिथे नाही जाणार."

"मग हिवाळ्यात दारातला बर्फ कोण काढणार? तू येतेस?"

रोसित्साने आपण होऊन स्वतःचा आवाज बंद केला. स्तामेनने अट घातली: हिवाळाभर घरात आपलं माणूस हवं, नाहीतर आईचं सामान बांधायचं. मी म्हटलं, माणूस ठरलेलं आहे.

असो. थंडीत छाती झाकून ठेव.

तुझी,
पेत्काना ताई

ता. क. ते माणूस म्हणजे तू. तुझ्या वतीने अख्ख्या गावासमोर हो म्हटलंय, आता मोडता येत नाही. पहिला बर्फ पडायच्या आत ये. तिथे तुझ्यावाचून मांजराशिवाय कुणाचं अडलंय? मांजरही आण.

आणखी एक ता. क. सुका बांगडा मात्र आधीच पोस्टाने पाठव, घट्ट गुंडाळून (योंका म्हणते, मागच्या खेपेला साऱ्या गावाच्या टपालाला वास लागला होता). दोघांना वसंतापर्यंत पुरेल एवढा पाठव.